पेनिकमास्तर हयात आहेत

अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराच्या पश्चिम भागात, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, राहून होरेस पेनिक आपल्याला माहीत नाही, असं म्हणणारा माणूस भेटणं कठीण होतं. उंची सहा फूट चार इंच, डोक्यावर हॅट, भर उन्हाळ्यातही कोट आणि आतून जाकीट, आणि आवाज असा की रविवारी चर्चमध्ये त्यांनी ‘आमेन’ म्हटलं की मागच्या बाकावर झोपलेली पोरं दचकून रडायला लागायची. तरुणपणी लष्कराच्या बँडमध्ये ट्रोंबोन वाजवत ते जर्मनीपर्यंत जाऊन आले होते. परत आल्यावर शाळेत बँडमास्तर झाले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या भागातल्या दोन पिढ्यांना तालात चालायला, ताठ उभं राहायला आणि शर्ट खोचायला शिकवलं. त्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पाद्री, पोलीस, कोपऱ्यावरचा मासळी तळणारा, सगळे.

त्यांची बायको व्हर्नेल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बोलायची कमी, पण बोलली की सुई टोचल्यासारखं. मास्तरांशी संसार करायचा तर घरात एकानं तरी गप्प राहायला हवं, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा रॉडरिक. बारा वर्षांचा होईपर्यंत मास्तरांनी त्याला पियानोवर बसवला. त्याची बोटं लांब होती, पण लक्ष खिडकीबाहेर. शेवटी एक दिवस त्यानं खिडकीतून आलेला चेंडू उडी मारून एका हातानं झेलला आणि पियानोचा विषय संपला. तिथून पुढे मास्तरांनी आपला सगळा वेळ फुटबॉलला, म्हणजे चेंडू हातानं फेकायच्या-झेलायच्या अमेरिकी फुटबॉलला, वाहून टाकला. शाळेचा एकही सामना त्यांनी सोडला नाही. पंच चुकला की ते सांगायचे, प्रशिक्षक चुकला की जरा मोठ्यांदा सांगायचे. प्रशिक्षकानं एकदा व्हर्नेलला गाठून हात जोडले. “बाई, एक शुक्रवार, फक्त एक शुक्रवार यांना घरी ठेवाल का?”

“लग्न झाल्यापासून मी त्याच खटपटीत आहे,” व्हर्नेल म्हणाली.

रॉडरिक पंधरा-सोळा वर्षांचा असताना आईला विचारायचा, “मम्मा, बाकीच्या पोरांचे बाप शनिवार-रविवारी कुठेतरी जातात. आपले का जात नाहीत?”

असा हा मुलगा मोठा झाला आणि आपल्याच शहराच्या रिव्हरमेन संघात खेळायला लागला. त्या संघात कोडी हल्सी नावाचा गोरा मुलगा होता. इंडियानातल्या एका खेड्यातला, पिवळ्या केसांचा, हसला की गालाला खळी पडायची. कोडी चेंडू फेकायचा आणि रॉडरिक तो झेलायचा. दोघांचं सूत जमलं ते मैदानाबाहेरही. कोडी पेनिकांच्या घरी यायचा, व्हर्नेलच्या हातची मोहरीची भाजी आणि मक्याची भाकरी दोनदा मागून घ्यायचा आणि मास्तरांचं भाषण संपेपर्यंत बसायचा. ती शेवटची गोष्ट रॉडरिकलाही जमत नसे.

या खेळात अंगाची हाडं खिळखिळी होतात. रॉडरिकची कंबर गेली, कोडीचा खांदा गेला. मोसम चालू असेपर्यंत संघाचा डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या वाटायचा. मोसम संपला की डॉक्टर फ्लोरिडाला जायचा. दुखणं काही कुठे जायचं नाही, आणि आता तर नुसतं दुखणंही नव्हतं, गोळीची तलफ होती. दोघांनी एका चोरट्या डॉक्टरकडून खोट्या नावानं चिठ्ठ्या लिहून घ्यायला सुरुवात केली. शेवटी एप्रिलमधल्या एका शनिवारी भर दुपारी कोडीचा ट्रक रस्ता सोडून घोड्यांच्या एका फार्मच्या पांढऱ्या कुंपणात घुसला. ट्रक कोडी चालवत होता. रॉडरिक शेजारी बसला होता. दोघांच्या मधे गोळ्यांची मोठी बाटली होती आणि दोघांच्या पोटात तिच्यातल्याच गोळ्या होत्या. कुंपण मोडल्यामुळे फार्ममधली एक घोडी पळाली आणि महामार्गावर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चर्चला जायच्या आधी मास्तरांनी अंगणातून पेपर उचलला आणि तिथेच पायरीवर बसले.

पहिल्या पानावर दोन फोटो होते. रॉडरिकचा पोलीस ठाण्यात काढलेला, डोळे तांबारलेले, शर्टाची गुंडी तुटलेली. कोडीलाही त्याच ठाण्यात त्याच भिंतीपुढे उभं केलं होतं, पण त्याचा फोटो मात्र शाळेतला छापला होता, हसरा, शेजारी कुत्रा. मजकुरात लिहिलं होतं की कोडी ‘वेदनाशामक औषधांच्या विळख्यात सापडला’ आहे आणि रॉडरिक ‘अमली पदार्थांसह पकडला गेला’ आहे. बाटली एकच होती. ट्रकबद्दल लिहिलं होतं, ‘गाडी कुंपणावर गेली. पेनिक गाडीत होता.’ जणू ट्रक आपल्या मनानंच निघाला होता आणि पेनिक आत बसलाय हे बघून बिथरला होता.

खाली दोघांच्या आयुष्याची दोन चौकटींत हकिगत होती. कोडी हा इंडियानातल्या कष्टाळू शेतकरी कुटुंबातला, पहाटे वडिलांबरोबर गोठ्यात राबून वाढलेला. आणि रॉडरिक? ‘पश्चिम भागातल्या निष्ठुर गल्ल्यांत, वडिलांच्या छायेवाचून वाढलेला.’

मास्तरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग आत जाऊन पेपर व्हर्नेलपुढे धरला.

तिनं चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढला. “मग मी आजवर मोजे कुणाचे धुतेय?”

“हे बघ, हे बघ,” मास्तरांचा आवाज चढला, “इथे खाली त्या घोडीवर वेगळी बातमी आहे. घोडी सुखरूप आहे. घाबरली आहे, पण खाते-पिते आहे. तिच्या बापाचं नाव दिलंय. आज्याचं दिलंय. पणज्यानं कुठली शर्यत जिंकली तेही दिलंय. व्हर्नेल, या गावात घोडीला बाप आहे आणि माझ्या पोराला नाही!”

“आधी पोराला सोडवून आणा,” व्हर्नेल म्हणाली. “मग बाप व्हा.”

रॉडरिकला त्याच्या एजंटानं आधीच सोडवून एका हॉटेलात लपवलं होतं आणि फोन काढून घेतला होता. एजंट म्हणजे खेळाडूचे करारमदार बघणारा माणूस. अशा प्रसंगी तो खेळाडूचं तोंडही बघतो, म्हणजे ते बंद राहील असं.

सोमवारी सकाळी मास्तर निळा सूट घालून पेपरच्या कचेरीत गेले. बातमी लिहिणारा टॉड रेनर हा तिशीतला, सौम्य, चटकन लाजणारा गोरा मुलगा होता. त्यानं मास्तरांना खुर्ची दिली, कॉफी दिली.

“मी रॉडरिक पेनिकचा बाप,” मास्तर म्हणाले. आजूबाजूच्या टेबलांवरचं टाइप करणं थांबलं.

“अच्छा,” रेनर म्हणाला. “म्हणजे तुम्ही परत आलात?”

“कुठून परत आलो?”

“म्हणजे... आता मुलगा अडचणीत आहे म्हणून...”

“बाबा रे, मी कुठे गेलोच नव्हतो! आठ मैलांवर राहतो. पोर जन्मलं तेव्हापासून त्याच घरात आहे. पंधरा वर्षं प्रत्येक सामन्याला मी होतो. तुझ्याच पेपरात एकदा आलं होतं की प्रेक्षकांतला एक माणूस इतका ओरडत होता की खेळ थांबवावा लागला. तो मी!”

रेनर अवघडला. “सर, आमच्याकडे तुमच्या मुलाचे कॉलेजपासूनचे फोटो आहेत. आईबरोबर आहेत, मावशीबरोबर आहेत. वाढदिवसाचा आहे, पदवीचा आहे. तुम्ही एकाही फोटोत नाही. म्हणून आम्हाला वाटलं...”

“फोटो काढले कुणी?” मास्तर गरजले. “कॅमेरा काय झाडाला टांगला होता?”

रेनरनं ते वहीत टिपून घेतलं. चूक दुरुस्त करू, असं वचन दिलं. जाताना त्यानं मास्तरांचा हातही हातात घेतला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती, इतकंच, आणि ठाऊक असलेली गोष्ट कुणी विचारायला जात नाही.

“एक मिनिट,” मास्तर दारातून वळले. “माझं म्हणणं पोरगा निर्दोष आहे असं नाही. त्यानं गाढवपणा केलाय. पण तो बाप नव्हता म्हणून नाही केला. बाप असून केलाय. लिहायचं तर तसं लिही. माझ्या नावानं लिही.”

बुधवारी दुरुस्ती आली. हवामान आणि नदीच्या पाण्याची पातळी यांच्या मधे, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘रॉडरिक पेनिक याचे वडील असल्याचा दावा करणाऱ्या एका गृहस्थांनी आपण हयात असल्याचे कळवले आहे.’

त्या शुक्रवारी मासळीच्या दुकानात लूथर बॅस्किन भेटला. लूथर हा मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र आणि त्या भागातल्या मयतांची सगळी व्यवस्था करणारा माणूस. त्यानं मास्तरांना बघून हॅट छातीशी धरली.

“होरेस, मी आधी वाचलं तू गेलास. मग वाचलं की तू गेला नाहीस. मला काय ते एकदा नक्की कळव. शिसवी शवपेटी बाजूला काढून ठेवलीय, तुझ्या मापाची दुसरी मिळत नाही.”

“लूथर, तोंड सांभाळ.”

“आणि दावा तरी कसला करतोस? व्हर्नेलला विचारलंस का?”

सगळं दुकान हसलं. मास्तरही हसले असते, एरवी. पण मासा तसाच कागदात गुंडाळून घेऊन ते निघून गेले. मग लूथर काउंटरवरच्या पोरीला म्हणाला, “लागलंय गं त्याला.”

दोन आठवड्यांनी रॉडरिक घरी आला. वजन उतरलं होतं. एजंटानंच त्याला उपचाराच्या दवाखान्यात घातलं होतं. व्हर्नेलनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, प्रयोगशाळेतल्यासारख्या, आणि त्याला सूप दिलं. मास्तर समोर उभे राहिले. एवढ्या दिवसांचं साठलेलं भाषण तयार होतं.

“तुला मी काय शिकवलं? दुखलं तर सांगायचं! सांगायचं! खोट्या चिठ्ठीवर खोटं नाव! पेनिक नाव कमी पडलं तुला? आणि झिंगलेल्या माणसाच्या शेजारी बसलास? रस्त्यावर कुणाचं पोर असतं तर?”

“होय, सर,” रॉडरिक खाली बघत म्हणाला. मास्तर चिडले की घरात ‘डॅडी’चं ‘सर’ होत असे.

“होय सर काय! वर बघ!”

रॉडरिकनं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांचं उरलेलं भाषण तिथेच थांबलं. ते खुर्चीत बसले.

“डॅडी,” रॉडरिक म्हणाला, “आणखी एक सांगायचंय. तुम्ही आणखी चिडाल.”

“सांग.”

“उद्या टीव्हीवाले येणार आहेत. न्यूयॉर्कहून. माझी मुलाखत घ्यायला, इथे घरातच. एजंट म्हणतो लोकांना दया आली पाहिजे, म्हणजे संघ मला काढणार नाही. आणि तो म्हणतो की... ते बापाचं... ते तसंच राहू दे.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाप नसलेलाच बरा पडतो, असं तो म्हणतो. बाप असून असं केलं तर दया कशी येईल? तुम्ही फक्त दुपारभर मागच्या अंगणात थांबाल का?”

व्हर्नेलच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. मास्तर मात्र ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं रॉडरिक पुढे अनेकदा म्हणायचा. त्यांनी फक्त विचारलं, “आणि त्या कोडीचं?”

“कोडीचा बाप तो तीन वर्षांचा असताना ट्रॅक्टर चोरून तुरुंगात गेला, डॅडी. परत कधी आला नाही. शेत-बित काही नाही त्यांचं. आई भोजनालयात बश्या धुवायची.”

“मग ते गोठ्यात राबणं?”

“ते पेपरवाल्यांनीच दिलं त्याला. तो म्हणतो, आता नाही कसं म्हणू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी रॉडरिकला दिलेल्या शब्दाप्रमाणे मास्तर मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभे राहिले. घरात दिवे लावले गेले, पडदे ओढले गेले, पियानो कॅमेऱ्यात येतो म्हणून त्यावर चादर टाकली गेली. निष्ठुर गल्लीत पियानो कुठून येणार? आतून रॉडरिकचा आवाज येत होता, एजंटानं शिकवलेला, खालच्या पट्टीतला.

तासाभरानं मुलाखत घेणारी बाई वारा खायला बाहेर आली. पन्नाशीची, नीटस, बोलायला गोड. तिला टोमॅटोच्या वाफ्यात हॅट घातलेला एक म्हातारा दिसला.

“तुम्ही शेजारी का?”

मास्तर टोमॅटोच्या पानांवरची अळी शोधायला वाकले. शब्द दिला होता.

“रॉडरिकला लहानपणापासून ओळखत असाल.”

“ओळखतो.”

“खरं सांगू? मला राहून राहून एकच प्रश्न पडतो. वडील नाहीत, तरी मुलगा किती अदबीनं बोलतो. ‘मॅडम’ म्हणतो, खुर्ची ओढून देतो. कुणी शिकवलं असेल त्याला?”

आता मात्र गप्प राहणं देवालाही जमलं नसतं. “मी!” मास्तर म्हणाले, आणि शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. “मी शिकवलं! त्याला वाढवला मी! मी बाप आहे त्याचा!”

बाईचा हात छातीवर गेला. डोळे भरून आले. तिनं कॅमेरावाल्याला हाक मारली. “हे पुन्हा एकदा म्हणाल का? अगदी असंच?”

मास्तरांनी पुन्हा म्हटलं. त्यांना वाटलं, चला, एकदाचं झालं. शब्द मोडला, पण खरं बाहेर आलं.

कार्यक्रम रविवारी दाखवला. मास्तर, व्हर्नेल, लूथर, सगळे समोर बसले होते. मास्तर पडद्यावर आले, टोमॅटोच्या रोपांत, कलत्या उन्हात. “मी बाप आहे त्याचा!” आणि खाली अक्षरं उमटली: ‘होरेस, शेजारी. बाप नसलेल्या मुलाला बापाची माया देणारा.’

मागे हळुवार पियानो वाजत होता.

लूथरनं हॅट चेहऱ्यावर ओढली. त्याचे खांदे हलत होते. व्हर्नेल उठून स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, “शेजारी, जेवून जाणार का?”

खटला जूनमध्ये उभा राहिला. रॉडरिकनं वडिलांना मागच्या रांगेत बसायची विनंती केली होती, आणि मास्तर कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर वाट बघत बसले होते, करडा सूट, चकचकीत बूट. शेजारी एक गोरा माणूस येऊन बसला. खांदे पडलेले, अंगात कुणाचा तरी कोट, बाह्या आखूड.

“इथे बसलो तर चालेल का, साहेब?”

“कोर्ट सगळ्यांचं आहे.”

तो माणूस थोडा वेळ हाताची बोटं मोडत बसला. मग म्हणाला, “मी वेन हल्सी. कोडीचा बाप. म्हणजे... आहे म्हणायचं.”

मास्तरांनी मान वळवून त्याला नीट बघितलं. गालाला खळी होती.

“तुम्हाला टीव्हीवर बघितलं,” वेन म्हणाला. “तुम्ही त्या काळ्या पोराचे शेजारी.”

“मी त्याचा बाप.”

“हो, तेच म्हणालात तुम्ही. मला रडू आलं बघून.”

“अरे माणसा, खराखुरा बाप! जन्मदाता! हे बघ, हे नाक बघ. त्याचं नाक आठव.”

वेननं नाक बघितलं. त्याचा जबडा हळूहळू उघडला. “अरे देवा. म्हणजे तुमच्या पोराचा बाप काढून घेतला आणि मला जमीन दिली? साहेब, माझ्याकडे कोंबडीसुद्धा नाही. पेपरात वाचलं आणि मी बाहेर जाऊन बघून आलो, कुठे काही आहे का.”

मास्तरांना हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. आणि त्यांचं हसणं त्या दगडी इमारतीत असं घुमलं की पलीकडचा फोटोग्राफर वळला आणि त्यानं दोघांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली लिहिलं होतं: ‘शेतकरी वेन हल्सी यांना धीर देताना कोर्टातील कर्मचारी.’

आत सुनावणी सुरू झाली. दोघांनी गुन्हा कबूल केलाच होता, प्रश्न फक्त शिक्षेचा होता. कोडीचा वकील गोठ्याबद्दल बोलला. वेन खाली बघत राहिला. मग रॉडरिकचा वकील उठला. एजंटानं नेमलेला महागडा माणूस. त्यालाही रॉडरिकची माहिती पेपरातूनच मिळाली होती.

“न्यायमूर्ती बाईसाहेब, या तरुणाला वडिलांचा हात कधी लाभला नाही. चूक-बरोबर सांगणारा आवाज त्यानं घरात कधी ऐकला नाही.”

“ऐकला नाही?” मागच्या रांगेतून आवाज आला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. “आवाज? माझा?”

न्यायाधीशबाईंनी हातोडा उचलला. “खाली बसा! कोण तुम्ही?”

“होरेस पेनिक, बाईसाहेब! या मुलाचा बाप! मी मेलो नाही, पळालो नाही, शेजारीही नाही. त्याला हवा होता त्याच्यापेक्षा जास्तच मी घरात होतो. त्यानं केलं ते चूकच आहे. सजा द्या. पण संस्काराचं खापर फोडायचं असेल तर रिकाम्या खुर्चीवर फोडू नका, तिथे मी बसलोय! माझ्या डोक्यावर फोडा! मी त्याला दुखलं की सांग म्हणालो, पण तो सांगायला आला तेव्हा मी मागच्या सामन्यात त्यानं काय चुकवलं ते सांगत होतो.” शेवटचं वाक्य बोलताना आवाज एकदम उतरला. हे आपण म्हणणार आहोत, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

एजंट हात हलवून रॉडरिकला खुणा करत होता, की बस, गप्प बस. रॉडरिक उभा राहिला.

“बाईसाहेब, ते माझे वडील आहेत,” तो म्हणाला. “ते खरं बोलतायत. खोटं मी बोललो. ज्याला कान आहेत त्या सगळ्या लुइव्हिलला ते माझे वडील आहेत हे माहीत आहे.”

न्यायाधीशबाईंनी हातोडा खाली ठेवला. त्या स्वतः पश्चिम भागातल्याच शाळेत शिकल्या होत्या, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. “मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या, “आता बसा.” मास्तर बसले.

शिक्षा दोघांना सारखीच झाली. तुरुंग नाही, देखरेख आणि सक्तीचे उपचार. त्या एका खोलीपुरतं दोघांना सारखं मोजलं गेलं. मग सगळे बाहेर आले.

मास्तरांना वाटलं होतं, आता तरी खरं छापून येईल. आलं. टॉड रेनरनं यावेळी सगळं नीट विचारून लिहिलं होतं. आई-वडील दोघं सुशिक्षित, पक्कं घर, पियानो, चर्च. अक्षर न् अक्षर खरं. त्यावर मथळा होता: ‘सगळं मिळालं, सगळं उधळलं.’ बाप नसता तर बिचारा म्हणता आलं असतं, पण असा बाप असून हे धंदे? मग तर हे रक्तातच असणार. रेडिओवर फोन करणाऱ्या लोकांनी एकमतानं तसा निकाल दिला.

त्याच आठवड्यात वेन हल्सीनं एका वार्ताहराला सांगून टाकलं की माझ्याकडे शेत नाही, मी चोर होतो आणि पोराला टाकून गेलो. त्याच्या बाजूनं ते धैर्याचंच काम होतं. त्यावर पान भरून लेख आला: ‘बापाच्या छायेवाचून उमललेला कोडी.’ शहर हळहळलं. संघानं कोडीला सुट्टी दिली, भरपगारी. रॉडरिकला पत्र दिलं, संघातून काढल्याचं.

“म्हणजे बघ,” लूथर मासळीच्या दुकानात हिशेब लावत होता, “बाप नव्हता तेव्हा आपल्या पोरानं केलं ते बाप नव्हता म्हणून. बाप निघाला तर बाप असूनसुद्धा. आणि त्या पोराला बाप होता तेव्हा तो खानदानी, आणि नव्हता तर झुंजार. होरेस, तू जन्माला आलास काय आणि मेलास काय, छापखान्यातले खिळे आधीच जुळवून ठेवलेत.”

“मी जन्मलो आहे,” मास्तर म्हणाले. “मला तेवढं पुरे.”

कोडीनं मात्र एक गोष्ट केली. पत्रकारांना बोलावून सांगितलं, की ट्रक मी चालवत होतो, चिठ्ठ्या दोघांनी मिळून मागितल्या, त्याला काढता तर मलाही काढा. पेपरनं त्याच्या मनाच्या मोठेपणावर अग्रलेख लिहिला आणि संघानं त्याचा पगार वाढवला. कोडी त्या संध्याकाळी पेनिकांच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “मास्तर, काहीही केलं तरी मी चांगलाच ठरतो. मी करू तरी काय?” व्हर्नेलनं त्याला जेवायला वाढलं.

रॉडरिक पुढे दोन मोसम कॅनडात खेळला. तिथल्या थंडीनं कंबर पार गेली तेव्हा परत आला, आणि आता वडिलांच्याच जुन्या शाळेत पोरांना चेंडू झेलायला शिकवतो. गोळ्यांकडे तो पुन्हा वळला नाही. एकदा वळला होता, पण त्या संध्याकाळी त्यानं आपण होऊन वडिलांना फोन केला, आणि मास्तर गाडी काढून त्याच्या घरी गेले. त्या रात्री दोघांत काय बोलणं झालं ते व्हर्नेललाही माहीत नाही. एवढंच तिच्या लक्षात आलं, की परत आले तेव्हा मास्तरांचा आवाज बसलेला नव्हता. म्हणजे ते फार बोलले नव्हते.

गेल्या वसंतातली गोष्ट. मास्तर आणि रॉडरिक मासळीच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढे एक गोरा गृहस्थ होता, वयस्कर, चेहऱ्यानं सालस, डोक्यावर रिव्हरमेनची टोपी. त्यानं रॉडरिककडे दोन-तीनदा वळून बघितलं.

“तू पेनिक ना? काय झेलायचास रे बाबा! वाईट वाटलं होतं तेव्हा. वडील नव्हते ना तुला? त्यानं फरक पडतो.” आणि मास्तरांकडे बघून म्हणाला, “पण हे भले गृहस्थ होते तुझ्या पाठीशी. टीव्हीवर बघितलं होतं मी.”

मास्तरांनी छाती फुगवून श्वास घेतला. काउंटरवरच्या पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

“डॅडी,” रॉडरिक त्यांच्या कोपराला धरून म्हणाला, “तुम्हाला मासा तिखट हवा की साधा?”

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. तो श्वास त्यांनी हळूहळू सोडला.

“तिखट,” ते म्हणाले. “आणि काटे नीट काढायला सांग. मागच्या खेपेला तू सांगितलं नव्हतंस.”

“मी सांगितलं होतं, डॅडी.”

“नव्हतं सांगितलंस.”

तो टोपीवाला गृहस्थ आपली पुडी घेऊन गेला, तरी ते दोघं काट्यांवरून भांडतच होते.